शल्यकौशल्य अभ्यासक्रम

शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसाठी त्या प्रशिक्षणाला जोडून चालणारे, बहुधा दोन-तीन दिवसांचे प्रात्यक्षिकप्रधान वर्ग. रुग्णाला हात लावण्यापूर्वी प्रतिकृती, प्राण्यांच्या ऊती किंवा सिम्युलेटरवर सराव, हे त्यांचे मुख्य लक्षण.

अशा सरावाचे सविस्तर प्राचीन वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (पहिला विभाग, अध्याय ९) आहे. तेथे त्याला ‘योग्या’ म्हटले आहे. छेदन (कापून काढणे) कोहळा, दुध्या, काकडी यांवर. भेदन (चिरा देणे) पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. वेधन (टोचणे) मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. सीवन (टाके घालणे) जाड-पातळ वस्त्रांच्या कडांवर व मऊ कातड्यावर. बंध (पट्ट्या बांधणे) मात्र पुरुषाकृती बाहुल्यावर. शास्त्र कितीही ऐकलेले असो, योग्या न केलेला शिष्य शस्त्रकर्माला अपात्रच, असे तेथे बजावले आहे. ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. प्राच्यविद्यापंडित हॉर्नले यांनी सुश्रुताला इ. स. पू. ६०० च्या सुमारास ठेवले. तथापि संहितेचा टीकाकार डल्हण याने नागार्जुनाचा तिचा प्रतिसंस्कर्ता (नव्याने संपादन करणारा) म्हणून केलेला उल्लेख आणि संहितेतील वेगवेगळ्या काळांतील मजकुराचे थर पाहता तिचे आजचे रूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले मानणे अधिक सयुक्तिक वाटते. योग्येपासून आजच्या वर्गांपर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

अमेरिकन शल्यचिकित्सक हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथे रुजवलेल्या निवासी पद्धतीत (रुग्णालयात राहून शिकण्याच्या) शिकण्याची जागा रुग्णशय्या व शस्त्रक्रियागृह हीच होती. स्वतंत्र वर्ग नंतरचे. अस्थिभंग जोडण्याच्या तंत्रासाठी स्वित्झर्लंडमधील एओ या शल्यचिकित्सकांच्या गटाने १९६० मध्ये दाव्होस येथे पहिला अभ्यासक्रम घेतला.

आघातचिकित्सेच्या (गंभीर जखमींवरील उपचारांच्या) ‘एटीएलएस’ (अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) या अभ्यासक्रमाचे मूळ सहसा एकाच घटनेत सांगितले जाते. फेब्रुवारी १९७६ मध्ये अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर स्वतः चालवत असलेले विमान नेब्रास्कात कोसळले. पत्नी दगावली, मुले जखमी झाली आणि जवळच्या रुग्णालयातील उपचार त्यांना अपुरे वाटले. घटना खरी, पण अभ्यासक्रमाची घडण हृदयविकाराच्या प्रगत प्राणरक्षण वर्गावरून घेतलेली आहे, याचा विसर पडतो. पहिला वर्ग १९७८ मध्ये नेब्रास्कातील ऑबर्न येथे झाला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्थेची स्थिती, मग सर्वांगतपासणी, हा तपासणीचा क्रम त्यातूनच रूढ झाला.

गाठी, टाके, ऊतींची हाताळणी शिकवणारे मूलभूत वर्ग सर्वपरिचित आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठीच्या ‘एफएलएस’ (फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी) या अभ्यासक्रमामध्ये पेटीसारख्या सिम्युलेटरवर वेळेच्या बंधनात पाच कामे करावी लागतात. त्यांचा पाया कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील चाचण्यांत आहे. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने सामान्य शल्यचिकित्सेच्या प्रमाणपत्रासाठी हा अभ्यासक्रम सक्तीचा केला.