वाय असूनही स्त्री

1985 साली जपानमधल्या कोबे शहरात जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो तिथे पोचली, पण आधीच्या स्पर्धेत मिळालेलं स्त्रीत्वाचं प्रमाणपत्र घरीच राहिलं होतं. म्हणून गालाच्या आतल्या पेशी घेऊन तिची पुन्हा चाचणी झाली. पुढच्या तपासण्यांत कळलं की तिची गुणसूत्रं एक्स-वाय आहेत, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी; स्त्रियांत सहसा दोन एक्स असतात. जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेल्या मारियाला दुखापतीचं सोंग करून माघार घ्यायला सांगण्यात आलं. जानेवारी 1986 मधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी पुन्हा तोच दबाव आला. तेव्हा मात्र ती धावली, 60 मीटर अडथळा शर्यत जिंकली आणि तिचा खासगी वैद्यकीय अहवाल वर्तमानपत्रांत पोचला. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, ठरलेलं लग्नही मोडलं.

ही चाचणी पाहत काय होती? दोन एक्स असलेल्या पेशीत त्यातला एक बहुतांशी बंद पडतो आणि आक्रसून केंद्रकाच्या कडेला गडद ठिपक्यासारखा दिसतो. मरे बार आणि इवार्ट बर्ट्राम यांनी 1949 मध्ये मांजरीच्या चेतापेशींत तो ओळखला. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून हाच ठिपका स्त्रीत्वाचा पुरावा झाला. पण टर्नर सिंड्रोम असलेल्या स्त्रीत एकच एक्स असतो, म्हणून ठिपका नसतो. उलट क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या पुरुषात एक्स-एक्स-वाय अशी तीन गुणसूत्रं असतात, आणि त्याच्या पेशींत ठिपका दिसतो. या हिशेबाने तो स्त्री ठरला असता.

गर्भात लिंग एका क्षणात ठरत नाही. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक भ्रूणात एकसारख्याच ग्रंथी असतात आणि पुढे स्त्रीची किंवा पुरुषाची आतली इंद्रियं घडवू शकणाऱ्या दोन्ही नलिका असतात. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक जागं झालं, की त्या ग्रंथी वृषण व्हायला लागतात. वृषण दोन कामं करतात: एका संप्रेरकाने गर्भाशयाची नलिका विरघळवतात आणि टेस्टोस्टेरॉनने पुरुषाचं शरीर घडवू लागतात.

मारियाच्या शरीरात यातलं बरंचसं झालं होतं. वृषण तयार झाले, पण पोटातच राहिले. गर्भाशय बनलं नाही. टेस्टोस्टेरॉनही तयार झालं. अडलं ते पुढे. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम व्हायचा तर पेशीतल्या एका ग्राही प्रथिनाने ते पकडावं लागतं आणि केंद्रकात जाऊन नेमकी जनुकं सुरू करावी लागतात. हे प्रथिन बनवणारं जनुक आहे चक्क एक्स गुणसूत्रावर. त्यात बिघाड असेल, तर रक्तात टेस्टोस्टेरॉन कितीही असो, पेशींच्या लेखी ते नसतंच. त्यातला काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, वयात येताना स्तन वाढतात, फक्त पाळी येत नाही. अशा कित्येक मुलींचं निदान सोळाव्या-सतराव्या वर्षी पाळीच्याच तक्रारीवरून होतं. काहींचं लहानपणी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत होतं, कारण जांघेतल्या गाठीत वृषण सापडतो.

उलटही घडतं. वडिलांच्या शरीरात शुक्राणू तयार होताना एसआरवाय कधीकधी एक्सवर जाऊन बसतं, आणि दोन एक्स असलेला मुलगा जन्मतो. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीतल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेमुळे एक्स-एक्स बाळाचं जननेंद्रिय मुलासारखं दिसू शकतं. याच आजारात शरीरातलं मीठ वेगाने कमी होऊन बाळ पहिल्या काही आठवड्यांतच दगावू शकतं. घाई करायची ती तिथे, औषधांची! घरचे आणि डॉक्टर मात्र अनेकदा घाई करतात ती बाळाचं इंद्रिय ‘नीट’ करणाऱ्या शस्त्रक्रियेची. ज्याच्या शरीरावर ती होते, त्याला विचारायची सोयच नसते. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रियांविरुद्ध निकाल दिला, आणि जिवाला धोका असल्याखेरीज त्या करू नयेत असा आदेश तमिळनाडू सरकारने काढला. हा आदेश महाराष्ट्रातही हवा, असं मला मनापासून वाटतं.

मारियाला 1988 मध्ये पुन्हा खेळायची परवानगी मिळाली. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये 3,387 खेळाडूंपैकी 8 जणींच्या चाचणीत वायचा अंश सापडला. त्यांतल्या सात जणींच्या पेशी मारियासारख्याच टेस्टोस्टेरॉनला पूर्ण किंवा अंशतः दाद न देणाऱ्या होत्या. आठही जणींना खेळू दिलं गेलं आणि 1999 मध्ये ऑलिम्पिक समितीने सरसकट चाचणी थांबवली.

2025 मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी चाचणी परत आणली, या वेळी एसआरवाय जनुकाची. मारियासारखी टेस्टोस्टेरॉनबाबत पूर्ण असंवेदनशीलता असलेल्यांना त्यात सूट आहे. तरीही 1990 मध्ये ज्या शास्त्रज्ञांनी हे जनुक शोधलं, त्यांतले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच जाहीरपणे विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की ही चाचणी जनुक आहे की नाही एवढंच सांगते. ते काम करतं का, वृषण तयार झाले का, टेस्टोस्टेरॉन बनतं का आणि बनलंच तर शरीर ते वापरू शकतं का, हे त्यातून कळत नाही.