बचावमंडले (मेंदूतील)

धोका समोर आला की थिजायचे, पळायचे की उलटून हल्ला करायचा हे ठरवून शरीराला तसे करायला लावणारी मज्जापेशींची जाळी. अमिग्डला (मेंदूत खोलवर असलेली, बदामाच्या आकाराची पेशींची गाठ), अधोथॅलॅमस (हायपोथॅलॅमस) आणि मध्यमेंदूतील ‘पीएजी’ (पेरिॲक्विडक्टल ग्रे) हा करड्या पेशींचा पट्टा ही त्यांतली मुख्य ठाणी. सस्तन प्राण्यांत त्यांची रचना बरीच सारखी असते. त्यामुळे आजची बहुतेक माहिती उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेली आहे.

रत्नागिरीच्या सड्यावर तिन्हीसांजेला पावलापुढे फुरसे खवले घासून करकरते, तेव्हा उचललेला पाय अधांतरीच राहतो. आवाजाची खबर थॅलॅमस या मेंदूतल्या संदेश-नाक्यातून अमिग्डलाच्या बाहेरच्या भागात, तिथून तिच्या मध्यवर्ती केंद्रकात, म्हणजे मधल्या पेशीसमूहात, जाते. हे केंद्रक पीएजीच्या खालच्या भागातील पेशींवरचा अटकाव काढून घेते. मोकळ्या झालेल्या त्या पेशी लंबमज्जेमार्फत (मेंदूच्या तळाशी, पाठीच्या कण्याकडे जाणारा भाग) सगळे अंग जागच्या जागी रोखतात. अशा वेळी थिजलेल्या माणसाला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची नाडी मंदावते, स्नायू मात्र ताणलेले असतात आणि पुढच्या हालचालीची तयारी आत चालू असते.

धोका अगदी अंगावर आला की सूत्रे पीएजीच्या वरच्या भागाकडे जातात. डोक्यावर झपाट्याने मोठी होत जाणारी काळी सावली दाखवली, तर उंदीर याच मार्गाने बिळाकडे धूम ठोकतो. आसरा नसेल, तर तोच उंदीर थिजतो. म्हणजे ही मंडले अंतर आणि पळवाट दोन्ही जोखतात.

मांजरांच्या अधोथॅलॅमसला विजेचा सौम्य प्रवाह दिला की ती समोर शत्रू नसतानाही अंग फुलवून फिस्कारतात, हे वॉल्टर हेस यांनी दाखवले. आंतरमेंदूवरील कार्याबद्दल त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमिग्डलाला ‘भीतीचे केंद्र’ म्हणण्याची सवय मात्र सोडायला हवी. दोन्ही बाजूंची अमिग्डला निकामी झालेल्या तीन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगवला, तेव्हा तेही भीतीने कासावीस झाले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

या मंडलांची शेवटची शाखा शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणाऱ्या अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जासंस्थेतून हृदय, रक्तवाहिन्या आणि अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथींपर्यंत जाते. ती एकटीच बेफाम झाली तर काय होते, हे कोकणाने लाल विंचवाच्या दंशात पाहिले आहे. त्याचे विष मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे मिटू देत नाही. मेंदूने हुकूम न देताच ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि पुढे फुप्फुसांत साचणारे पाणी, असा हा क्रम. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरले. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राही (या संप्रेरकांचा संदेश घेणारी स्थाने) रोखते, त्यामुळे आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा ताण उतरतो. १९७६ च्या सुमारास गंभीर दंशाचे सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत. हा उपचार रुळल्यावर ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले.