ॲड्रेनॅलिन की नॉरॲड्रेनॅलिन? आठवण पक्की करतं कोण

२०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या शाहूपुरीत पंचगंगेचं पाणी शिरलं, त्या रात्रीबद्दल तिथल्या कुणालाही विचारा. पाणी कितव्या पायरीला लागलं होतं, हेसुद्धा सांगतील. त्याच्या आदल्या आठवड्यात काय जेवलात म्हणून विचारलं, तर गप्प. असं का, म्हटलं की हल्ली उत्तर तयार असतं: "ॲड्रेनॅलिन वाढलं होतं की!" हे निम्मंच बरोबर आहे. उरलेलं निम्मं काम नॉरॲड्रेनॅलिनचं, आणि नावं इतकी सारखी की आमची बी.एस्सी.ची पोरं दोन्ही एकाच ओळीत लिहून मोकळी होतात.

रसायन म्हणून फरक फक्त एका मिथाइल गटाचा (एक कार्बन, तीन हायड्रोजन). शरीर आधी नॉरॲड्रेनॅलिन बनवतं, मग त्याला हा गट जोडून ॲड्रेनॅलिन. खरा फरक पत्त्याचा आहे. ॲड्रेनॅलिन मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात उतरतं. नॉरॲड्रेनॅलिन रक्तातही असतं, पण आठवणीशी संबंध आहे तो मेंदूतल्या नॉरॲड्रेनॅलिनचा. ते मुख्यतः मेंदूच्या खोडातल्या 'लोकस सेरुलियस' या इवल्याशा ठिपक्यातून येतं. उंदराच्या मेंदूत तिथं एका बाजूला साधारण दीड हजार पेशी. तंतू मात्र जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले.

आता प्रयोग. पेटीचा एक भाग उजेडाचा, एक अंधाराचा. उंदराला अंधार प्रिय. तो तिकडं शिरला की पायाला हलका शॉक. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवायचं आणि आत शिरायला तो किती वेळ घेतो ते मोजायचं. जितका जास्त थबकेल तितकी आठवण पक्की. गोल्ड आणि व्हॅन बस्कर्क या संशोधकांनी १९७५ मध्ये शॉकनंतर लगेच ॲड्रेनॅलिन टोचलं, तर उंदीर जास्त थबकले. तेच इंजेक्शन उशिरा दिलं तर उपयोग नाही. म्हणजे परिणाम शिकण्यावर नव्हे, शिकलेलं घट्ट होण्यावर.

इथंच कोडं आहे. ॲड्रेनॅलिन रक्तातून मेंदूत जवळपास जातच नाही, मधला अडसर त्याला अडवतो. मग ते आठवण पक्की कशी करतं? ते छाती-पोटातून मेंदूकडं जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला चाळवतं. ही नर्व्ह मेंदूच्या खोडापर्यंत निरोप पोचवते, तिथून लोकस सेरुलियस जागा होतो आणि ॲमिग्डालात, म्हणजे भीतीसारख्या भावना सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, नॉरॲड्रेनॅलिन सुटतं. पुरावा सरळ आहे. ॲमिग्डालात प्रोप्रॅनोलॉल हे औषध सोडून नॉरॲड्रेनॅलिनचे ग्राहक (पेशीवर ते जिथं बसतं त्या जागा) अडवले, तर ॲड्रेनॅलिन टोचूनही फायदा होत नाही. उलट नॉरॲड्रेनॅलिनच थेट ॲमिग्डालात सोडलं, तर बाहेरून ॲड्रेनॅलिन न देताही आठवण सुधारते. (आडवाट आणखी एक आहे: ॲड्रेनॅलिनमुळं यकृतातली साखर रक्तात येते, आणि नुसतं ग्लुकोज टोचूनही उंदरांची आठवण वाढते.)

डोसचं मात्र तांबड्या रश्श्यातल्या चटणीसारखं. थोडी कमी पडली तर पाणचट, जास्त झाली तर ताट बाजूला. मधला डोस चालतो, मोठा चालत नाही. शॉकच जोराचा असेल, तर एरवी उपयोगी पडणारा डोसही आठवण पुसट करतो. उंदराचं स्वतःचं ॲड्रेनॅलिन तेव्हा आधीच भरपूर सुटलेलं असतं, टोचलेलं वरचं होतं.