आवाज वाढवला, आकडा उतरला

जुन्या लॅपटॉपचा डिस्प्ले गेला. मशीन चालू, पंखा फिरतोय, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर, आणि आत कित्येक वर्षं जमवलेली गाणी. बाहेरचा मॉनिटर जोडायची केबल काही सापडेना. मग आठवलं की कधीतरी हौसेखातर त्यावर एनव्हीडीए टाकून ठेवलं होतं, म्हणजे फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, अंध लोकांना स्क्रीनवर काय आहे ते बोलून सांगणारा प्रोग्राम. कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं आणि लॅपटॉप बोलायला लागला.

म्हटलं गाणी कॉपी करायच्या आधी एखादं ऐकून तर बघू. त्यात एक जुना प्लेयर होता, नाव घेत नाही, आता तो कोणी वापरतही नसेल. टॅब मारत गेलो तर "बटण". परत टॅब, "बटण". परत "बटण". प्ले कुठलं, स्टॉप कुठलं, काही पत्ता नाही. अंदाजाने एक दाबलं तर गाणं लागलं, पण अगदी बारीक आवाजात. पुढच्या टॅबला "स्लायडर ८०". हा आवाजाचा असणार असं धरून पेज-अप दाबलं. "६०" म्हणाला, आणि गाणं मोठं झालं! परत दाबलं, "४०", अजून मोठं. शून्यावर पोचलो तेव्हा घरभर गाणं आणि त्यात एनव्हीडीए काय बोलतोय ते ऐकूच येईना.

हे असं उलटं का झालं ते शोधता शोधता दोन रात्री गेल्या, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज काढून टाकू, माझाही होता. स्क्रीन रीडर स्क्रीन वाचत नाही. नावात आहे, पण आता करत नाही. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या फक्त अक्षरांच्या स्क्रीनच्या काळात ते खरं होतं, स्क्रीन म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, मेमरीत २००० अक्षरं ओळीने मांडून ठेवलेली, ती उचलायची आणि बोलायची. जॉज नावाचा प्रसिद्ध स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठीच आला. पण विंडोज आलं आणि अक्षरांचे ठिपके झाले, ठिपक्यांतून काय वाचणार? मग प्रोग्राम विंडोजला "इथे अमुक अक्षरं काढ" असं सांगतो तो निरोपच मधल्या मधे ऐकायची युक्ती काढली आणि त्यावरून स्क्रीनची एक नक्कल मेमरीत तयार ठेवायची पद्धत बरीच वर्षं चालली. पण अक्षरं न काढता प्रोग्रामने थेट चित्रच चिकटवलं तर ही युक्तीही संपली.

आणि जुने प्लेयर तेच करायचे. १९९७ चा विनअ‍ॅम्प घ्या. त्याची मुख्य खिडकी २७५ बाय ११६ पिक्सेलची, आणि जुन्या स्किनमध्ये (स्किन म्हणजे प्लेयरला चढवायचं बाहेरचं रूप) दिसणारी जवळपास प्रत्येक गोष्ट चित्र. वेळेचे आकडेसुद्धा चित्र. आवाजाचा स्लायडर तर मला फारच आवडला, स्किनच्या फोल्डरमध्ये एक व्हॉल्यूम नावाची फाइल असते, ती उघडली की एकाखाली एक २८ पट्ट्या दिसतात, प्रत्येक थोडी जास्त भरलेली. आपण आवाज वाढवतो तेव्हा प्रोग्राम फक्त पुढची पट्टी दाखवतो. डोळ्यांना वाटतं स्लायडर भरतोय. कानांसाठी तिथे काहीच नाही.

म्हणून आता वेगळं काम चालतं, आणि मला खरं तर हेच सांगायचंय. स्क्रीन रीडर वाचत नाही, तो *विचारतो*. टॅब दाबला की फोकस, म्हणजे की-बोर्डचं लक्ष, पुढच्या बटणावर किंवा स्लायडरवर हलतो, विंडोज "फोकस अमुक ठिकाणी गेला" अशी हाक देतं, स्क्रीन रीडर त्या हाकेला कान लावूनच बसलेला असतो. तो लगेच त्या खिडकीला (विंडोजच्या लेखी बटण, स्लायडर याही खिडक्याच) डब्ल्यूएम गेटऑब्जेक्ट नावाचा निरोप पाठवतो, म्हणजे साधारण "तुझ्या वतीने बोलणारं कोणी आहे का?" कोणी असेल तर त्याला चार गोष्टी विचारायच्या: नाव काय, काम काय (बटण की स्लायडर की यादी), आत्ता आकडा किती, अवस्था काय. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणली.

आता गंमत पुढे आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने बोलणारं कोणी ठेवलंच नसेल तर? तर विंडोज स्वतःच एक मुखत्यार उभा करतं. तो त्या खिडकीचा वर्ग, म्हणजे ती कुठल्या जातीची आहे ते, बघतो. वर्ग ओळखीचा असेल, उदाहरणार्थ विंडोजचा तयार स्लायडर, ज्याला ट्रॅकबार म्हणतात, तर मुखत्याराला माहीत असतं की याला कुठला प्रश्न विचारला की आकडा मिळतो. तो विचारतो, टक्क्यांत करतो, स्क्रीन रीडरला देतो. लिहिणाऱ्याने बोटही उचललेलं नसतं. वर्ग अनोळखी असेल, विनअ‍ॅम्पसारखा स्वतः रंगवलेला, तर मुखत्यार म्हणतो "इथे एक खिडकी आहे" आणि गप्प. थोडक्यात, दिसायला कंटाळवाणा प्लेयर आपोआप बोलतो आणि नटवलेला मुका राहतो.

माझा प्लेयर कंटाळवाण्यांपैकी होता, आकडा सांगत होता. मग उलटा का? कारण तयार ट्रॅकबार आडवा न ठेवता उभा ठेवला की त्याचं वरचं टोक म्हणजे सगळ्यात *लहान* आकडा. आपल्या डोक्यात आवाज वर म्हणजे जास्त. मग लिहिणारा काय करतो, १०० मधून स्लायडरचा आकडा वजा करतो आणि तो आवाज धरतो. डोळ्यांना सगळं बरोबर. पण मुखत्यार वजाबाकी करत नाही, त्याला ती ठाऊकच नाही, तो स्लायडरचा कच्चा आकडा देतो. आवाज २० असताना मला ८० ऐकू आलं ते यामुळे. आणि कळस म्हणजे यासाठी टीबीएस रिव्हर्स्ड नावाची खूण विंडोजमध्ये आहे. पण ती लावली तरी स्लायडर जसाच्या तसा चालतो, ती निव्वळ चिठ्ठी आहे, "मी उलटा आहे" अशी, ज्याला वाचायची त्याने वाचावी. ज्याने स्वतः स्क्रीन बंद करून प्लेयर कधी चालवलाच नाही तो ती चिठ्ठी कशाला चिकटवेल.

मग मुका विनअ‍ॅम्प अंध लोकांनी इतकी वर्षं वापरला कसा? की-बोर्डमुळे. खालच्या ओळीत झेड एक्स सी व्ही बी या पाच कळा शेजारीशेजारी: मागचं गाणं, प्ले, पॉज, स्टॉप, पुढचं. वर-खाली बाणांनी आवाज. प्ले दाबल्यावर गाणं वाजलं की तेच उत्तर, वेगळं सांगायची गरज काय! अडचण येते जिथे परिणाम लगेच ऐकू येत नाही तिथे, म्हणजे शफल, गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं. एस दाबलं, पण चालू झालं की बंद? त्यासाठी एनव्हीडीएमध्ये विनअ‍ॅम्पपुरता छोटा तुकडा लिहिलेला आहे, तो चित्राच्या नादाला न लागता मागच्या दाराने थेट प्रोग्रामलाच विचारतो की शफल आहे का, आणि बोलतो.

"आता एआय स्क्रीनचा फोटो बघून सगळं सांगेल" असं हल्ली ऐकायला मिळतं. सांगेलही. पण ज्याला आकडा पक्का माहितीये त्या स्लायडरला विचारायचं सोडून त्याच्या फोटोवरून अंदाज बांधायचा, हे मला तरी पटत नाही. आणि ते दुसरं, की देव डोळे काढून घेतो तेव्हा कान तिखट करून देतो, तेही जरा बाजूला ठेवा. सराईत माणूस स्क्रीन रीडर आपल्याला कळणारही नाही इतक्या वेगात ऐकतो, ते रोजच्या सरावाने. तिखट कानाने "बटण बटण बटण" मधलं प्ले कुठलं ते कळत नाही.

दोन आवाज एकाच स्पीकरमधून येतात हा घोळ मात्र खरा. विंडोजच्या विस्टा आवृत्तीच्या आधी काही प्लेयर आवाज कमी करताना स्वतःचा न करता अख्ख्या मशीनचा कमी करायचे, म्हणजे गाण्याबरोबर स्क्रीन रीडरही गप्प, आणि आवाज परत वाढवायचा तर काय दाबतोय ते सांगणारा कोणी नाही. विस्टाने प्रत्येक प्रोग्रामला वेगळा आवाज दिला. वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेल्या २००८ च्या नियमावलीतही हे आलं: आपोआप सुरू झालेला आवाज ३ सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल तर तो थांबवायची सोय हवी, नाहीतर मशीनच्या आवाजाला हात न लावता त्याचा तेवढा कमी करता आला पाहिजे.

शेवटी गाणी पेन ड्राइव्हवर कॉपीला लावली. कॉपी चालू असताना एनव्हीडीए आकडे बोलत नाही, टुक टुक सूर देतो आणि सूर चढत जातो. हिशोब बघितला तर सुरुवात ११० हर्ट्झ, आणि दर २५ टक्क्यांना दुप्पट: २२०, ४४०, ८८०, शेवटी १७६०. म्हणजे बरोबर चार सप्तकं. पहिलं सप्तक संपलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो, तिसऱ्याच्या मध्यावर सूर थांबला. धावत आलो, काळ्या स्क्रीनसमोर बसलो आणि टॅब दाबला.

"बटण".