ओढणे आणि पेलणे : ट्रेलरला गाडी जुळवताना गल्लत होणारे दोन आकडे

आमच्या डिचोली-साखळी पट्ट्यात खनिजाच्या टिपरांनी एक प्रश्न घरोघरी पोचवला आहे. नवी गाडी दारात उभी राहिली की बघायला आलेला माणूस इंजिन किती ताकदीचे आहे हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘पासिंग किती?’ गाडीचे स्वतःचे वजन आणि तिच्यावर घातलेला माल मिळून किती टनांपर्यंत तिला परवानगी आहे, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. टिपरचा चालक हा आकडा आणि इंजिनाची ताकद यांची गल्लत कधी करत नाही, कारण त्याला रोज वजनकाट्यावर उभे राहावे लागते. परंतु हौसेने कॅम्पिंगचा ट्रेलर, छोटी कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) किंवा होडीचा ट्रेलर विकत घेणारा सुशिक्षित माणूस मात्र नेमका इथेच फसतो. ‘गाडी किती ओढते’ हा आकडा तो तोंडपाठ करतो आणि ‘गाडी किती पेलते’ हा आकडा पाहायचे विसरून जातो.

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याने असाच एक वापरलेला कॅम्पर ट्रेलर घेतला. विकणाऱ्याने त्याला सांगितले, ‘साहेब, तुमची गाडी दीड टन आरामात ओढते आणि हा ट्रेलर रिकामा आठशे किलोसुद्धा भरत नाही, चिंता कसली?’ या वाक्यातला एकही आकडा खोटा नव्हता, आणि तरीही त्यावर विसंबून निघणे चुकीचे ठरले असते. ते कसे, हे समजण्यासाठी दोन्ही क्षमता शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

ओढण्याची क्षमता म्हणजे चाकांवर उभे असलेले किती वजन ही गाडी मागे घेऊन चालू लागेल, चढ चढेल आणि थांबेल याचा आकडा. इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्स, पाणी थंड ठेवणारा रेडिएटर, ब्रेक आणि हूक जिथे बसवला आहे तो सांगाडा यांच्यावर तो अवलंबून असतो. चोर्ला किंवा अनमोडच्या घाटात दहाला एक असा चढ लागला, तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३,६०० किलो वजन असताना त्यातले सुमारे ३६० किलो सतत मागे खेचत राहते, आणि इंजिनाला ते मिनिटामागून मिनिटे सोसावे लागते. पेलण्याची क्षमता, जिला सर्रास पेलोड म्हणतात, ही निराळी गोष्ट आहे. स्प्रिंगा, टायर, ॲक्सल आणि चासी यांच्यावर वरून किती भार बसू शकतो, हे ती सांगते. गाडीच्या आरसीवर एकूण वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते, तीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की हा आकडा हाती येतो. त्यात माणसे आली, सामान आले, टपावरचे कॅरिअर आले, नंतर बसवून घेतलेला लोखंडी बंपर आणि खुद्द हूकही आला.

आता गोंधळाचे मूळ पाहू. ट्रेलर चाकांवर चालतो, म्हणून त्याचे सगळे वजन त्याचीच चाके वाहतात आणि गाडीने फक्त ओढायचे असते, अशी आपली समजूत असते. ती पूर्ण खरी नाही. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या बॉलवर, म्हणजे हूकच्या टोकावरच्या लोखंडी गोळ्यावर, टेकलेली असते आणि ट्रेलरच्या वजनाचा एक हिस्सा त्या बॉलवर खाली दाबत असतो. हा हिस्सा ट्रेलरचा असला तरी पेलावा लागतो गाडीलाच, आणि म्हणून तो पेलोडमधून वजा होतो. दोन्ही आकडे एकमेकांना भेटतात ते या एका बिंदूवर.

बैलगाडी भरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. माल मागे जास्त गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले जोते त्यांना वर खेचू लागते. माल पुढे जास्त आला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर बसते. जाणता गाडीवान जू हाताने उचलून पाहतो आणि मानेवर थोडा भार राहील एवढाच माल पुढे सरकवतो. ट्रेलरचा हिशेब याहून वेगळा नाही. अमेरिकेत मुक्कामाच्या सोयीच्या ट्रेलरसाठी भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा असे धरतात. युरोपातल्या कॅरॅव्हॅन हलक्या आणि वेगळ्या घडणीच्या असल्यामुळे तिथे ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास सांगतात. उलाळ ट्रेलर वेग वाढताच शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. मांडवीच्या किंवा जुवारीच्या उंच पुलावर आडवा वारा लागला की एरवी न जाणवणारा हा दोष उघडा पडतो. तसे झाले तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे. घाबरून जोरात ब्रेक मारणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे.

उलट बाजूचा, म्हणजे बॉलवर फार भार असण्याचा, त्रास कमी नाट्यमय असतो, म्हणून तो अधिक काळ लपून राहतो. समजा, गाडीच्या दोन ॲक्सलमध्ये २.७५ मीटर अंतर आहे आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे आहे. बॉलवर १५० किलो ठेवले तर मागच्या ॲक्सलवर १५० नव्हे, २१० किलो वाढतात, कारण तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवरचे ६० किलो उचलले जाऊन मागे येतात. गाडीचे नाक वर होते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, स्टिअरिंग हलके लागते आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाके पकड सोडू लागतात. पावसाळ्यात घाटात धुके असताना हे कुणालाच नको असते.

मेहुण्याच्या ट्रेलरकडे परत येतो. मी आग्रह धरून त्याला आमच्याकडच्या एका काट्यावर नेले. एरवी खनिजाचे टिपर मोजणारा काट्यावरचा माणूस आमचे गबाळ पाहून म्हणाला, ‘पात्रांव, ह्यात खनिज किती भरलंय?’ आम्ही तीन वजने घेतली. आधी ट्रेलर सोडून, पाच माणसे आणि सामान यांसह फक्त गाडी: २,४८० किलो. मग ट्रेलर जोडलेलाच ठेवून, पण त्याची चाके काट्याच्या फलाटाबाहेर राहतील अशी गाडी उभी करून: २,६३० किलो. शेवटी सगळा लवाजमा फलाटावर घेऊन: ३,६४० किलो. पहिल्या दोन वजनांतला फरक १५० किलो, तोच बॉलवरचा भार. तिसऱ्यातून पहिले वजा केले की भरलेला ट्रेलर १,१६० किलोंचा निघाला, म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेल्या रिकाम्या वजनाच्या जवळजवळ दीडपट. यात लबाडी कुणाचीच नव्हती. टाकीतले पाणी लिटरला किलो या दराने वजन वाढवते, भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास ३० किलोंचा असतो, इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नासच्या पुढे जाते, आणि अंथरूण-पांघरूण कोणी मोजतच नाही.

आता आकडे लावून पाहा. ओढण्याची मर्यादा १,५०० किलो आणि ट्रेलर १,१६० किलोंचा, म्हणजे ३४० किलोंची ऐसपैस जागा शिल्लक. पण आरसीवर गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा होती २,६१० किलो, आणि काटा दाखवत होता २,६३०. ओढायला गाडी राजी होती. पेलायला ती वीस किलोंनी नापास होती.

उपाय जो निघाला तो मेहुण्याला आधी पटेना. गाडीच्या डिकीतले बर्फाचे दोन भरलेले खोके, एकूण ६० किलो, उचलून आम्ही ट्रेलरमध्ये बरोबर ॲक्सलच्या वर ठेवले. ट्रेलर १,२२० किलोंचा झाला, म्हणजे आधीपेक्षा जड. बॉलवरचा भार मात्र १५० च्या आसपासच राहिला, कारण ॲक्सलवर ठेवलेले वजन ना पुढे दाबते ना मागे. गाडीवर आता २,५७० किलो होते, मर्यादेच्या ४० किलो खाली, आणि बॉलवरचा भार ट्रेलरच्या बारा टक्क्यांवर. ओढायचे वजन वाढवून जोडी सुरक्षित झाली. दोन क्षमता खरोखरच दोन आहेत, हे मला तरी याहून सोप्या रीतीने दाखवता येत नाही. (एक सावधगिरीची सूचना: ट्रकांसाठीचे काटे बहुधा दहा-वीस किलोंच्या टप्प्यांनी वाचतात, त्यामुळे बॉलवरचा भार नेमका हवा असेल तर दांडीखाली छोटा काटा ठेवून मोजणे उत्तम.)

ओढण्याचा जो मोठा आकडा जाहिरातीत झळकतो, तो कोणत्या अटीवर मिळालेला असतो तेही पाहावे. अमेरिकेत २००८ मध्ये तयार झालेल्या एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) जे२८०७ या मानकानुसार ही क्षमता ठरवताना गाडीत चालक आणि एकच सोबती, प्रत्येकी सुमारे ६८ किलोंचे, असे गृहीत धरतात. आजी-आजोबा, मुले आणि फणसाची दोन पोती त्या हिशेबात नसतात. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून किती, याची तिसरी मर्यादा असते. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या अलीकडच्या डबल कॅब टोयोटा हायलक्स या पिकअपचे उदाहरण बोलके आहे: ओढण्याची क्षमता ३,५०० किलो, गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ३,०५० किलो, पण दोन्ही मिळून मर्यादा ५,८५० किलो. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ६,५५० होते, म्हणजे दोन्ही मर्यादा एकाच वेळी वापरायला परवानगीच नाही. पूर्ण साडेतीन टन मागे लावले तर गाडीसाठी २,३५० किलो उरतात. रिकामी गाडीच सुमारे २,१०० किलोंची असल्यामुळे माणसे आणि सामान मिळून अडीचशे किलोंच्या आत बसवावे लागते.

हे परदेशी आकडे मी समजण्यापुरते दिले आहेत. ते इथल्या गाडीला चिकटवू नयेत. त्याच नावाची गाडी दुसऱ्या देशात वेगळ्या ब्रेकची, वेगळ्या कूलिंगची किंवा वेगळ्या स्प्रिंगांची असू शकते. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याचा आकडा दिलेलाच नसतो, आणि काहींत तर ट्रेलर लावू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. तिथे हूक बसवून देणाऱ्याचा शब्द प्रमाण मानण्यात अर्थ नाही. हूकवर स्वतःचे आकडे कोरलेले असतात. युरोपीय पद्धतीच्या हूकवर ‘एस’ पुढचा आकडा बॉलवर चालणारा भार किलोंत सांगतो आणि ‘डी’ पुढचा आकडा ओढण्याच्या जोराशी संबंधित असतो. म्हणजे इथेही ओढणे आणि पेलणे वेगवेगळे मोजलेले आहे. गाडी, हूक आणि टायर यांतला जो आकडा सर्वांत लहान, तोच आपला.

भार वाटून देणाऱ्या स्प्रिंगपट्ट्यांचा हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, मिळतो. तो मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढे आणि ट्रेलरच्या चाकांवर सरकवतो, परंतु त्यामुळे आरसीवरची मर्यादा वाढत नाही. ब्रेकचेही तसेच: युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि घाट उतरायचा असेल तर तो नियम आपणही पाळावा असे माझे मत आहे.

गोव्यात कॅरॅव्हॅनपेक्षा होडीचे ट्रेलर अधिक दिसतात, आणि त्यांचा स्वभाव बरोबर उलटा असतो. होडीचे इंजिन आणि पेट्रोलची टाकी मागच्या टोकाला असल्यामुळे हा ट्रेलर गाडीला दाबण्याऐवजी उलाळ होऊ पाहतो. पेलण्याचा प्रश्न येतच नाही म्हणून मालक निर्धास्त असतो आणि हायवेवर शेपूट हलू लागल्यावर दचकतो. अशा वेळी पुढचा विंचचा (होडी दोराने ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब पुढे सरकवून होडी चार-सहा इंच पुढे घ्यावी आणि दांडी हाताने उचलून पाहावी. ती सहज वर आली तर अजून पुढे घ्यावी. पाण्यातून होडी बाहेर काढल्यावर तळात साचलेले पाणी चढावर मागे धावते आणि नेमके इंजिनाखाली जमते. म्हणून रॅम्पच्या उतारावरच गाडीला हँडब्रेक लावून, चाकांमागे दगड ठेवून, मागचे बूच काढावे आणि पाणी पूर्ण गळाल्यावर मगच ट्रेलर सपाटीवर घ्यावा.