फ्रीबीएसडी : सोर्स व पॅकेजे अद्ययावत करणे

फ्रीबीएसडी ही बर्कली युनिक्सच्या परंपरेतील कार्यप्रणाली. पहिली आवृत्ती 1993 ची. तिच्या पारंपरिक रचनेत मूळ प्रणाली (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, सी लायब्ररी, कंपायलर, नेहमीच्या आज्ञा) आणि बाहेरचे सॉफ्टवेअर यांचे संसार वेगळे असतात. मूळ प्रणालीचा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्रॅम-संहिता, /यूएसआर/एसआरसी मध्ये, तर पोर्ट्स, म्हणजे 30 हजारांहून अधिक सॉफ्टवेअरच्या बांधणीच्या कृती, /यूएसआर/पोर्ट्स मध्ये. एक अद्ययावत केले म्हणून दुसरे होत नाही. डिसेंबर 2020 मध्ये सोर्स आणि एप्रिल 2021 मध्ये पोर्ट्स सबव्हर्जनवरून गिटवर गेले (दोन्ही संहितेतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणाली). त्याआधीच्या मार्गदर्शिकांतल्या सोर्स उतरवण्याच्या आज्ञा आता उपयोगाच्या नाहीत.

फक्त सुरक्षा-दुरुस्त्या हव्या असतील तर प्रकाशित आवृत्तीवर ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ ही आज्ञा पुरे. स्टेबल शाखा (दोन प्रकाशित आवृत्त्यांच्या मधली, सतत बदलणारी) किंवा स्वतः जुळवलेला कर्नल चालवणाऱ्याने सोर्सची वाट धरावी. ‘गिट पुल’ने नवा सोर्स उतरवल्यावर सोर्समधली ‘अपडेटिंग’ ही फाइल वाचायची. हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. मग ‘मेक बिल्डवर्ल्ड’ (कर्नल सोडून बाकीची मूळ प्रणाली बांधणे) आणि ‘मेक बिल्डकर्नल’. एकाच वेळी किती कामे चालवायची हे सांगणाऱ्या ‘-जे’ पर्यायापुढे प्रोसेसरच्या कोअरची संख्या द्यावी. बराचसा वेळ क्लँग कंपायलरच खातो.

पुढचा क्रम मोडायचा नाही. आधी ‘इन्स्टॉलकर्नल’, मग रीबूट, शक्यतो सिंगल-यूजरमध्ये (इतर सेवा बंद ठेवून), आणि त्यानंतरच ‘इन्स्टॉलवर्ल्ड’. नवा कर्नल जुने प्रोग्रॅम चालवून घेतो. जुन्या कर्नलला मात्र नव्या प्रोग्रॅमांनी मागितलेले सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेल्या कामाच्या मागण्या) ठाऊक नसतात. उलट्या क्रमाने गेल्यास फाइलींची यादी दाखवणारे साधे ‘एलएस’सुद्धा कोसळू शकते. इन्स्टॉलवर्ल्डच्या आधी ‘ईटीसीअपडेट -पी’ आणि नंतर ‘ईटीसीअपडेट -बी’ चालवून /ईटीसी मधल्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइली जुळवतात. तिथे पासवर्डच्या फाइलीत जुना व नवा मजकूर न जुळल्याच्या खुणा तशाच राहिल्या, तर पुढे लॉगिनच अडते.

नवा कर्नल सुरूच झाला नाही, तर लोडरमधून (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) ‘कर्नल.ओल्ड’, म्हणजे आधीचा कर्नल, निवडता येतो. मात्र बिघडलेला कर्नल चालू असताना पुन्हा इन्स्टॉलकर्नल केले की ती राखीव जागाही बिघडलेलाच घेतो. म्हणून चांगल्या कर्नलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. झेडएफएस या फाइल-प्रणालीवर हा व्याप कमी होतो. सुरुवातीलाच ‘बीईसीटीएल क्रिएट’ने बूट एन्व्हायर्न्मेंट (प्रणालीची, थेट सुरू करता येणारी प्रत) करून ठेवले की मागे फिरणे एका रीबूटचे काम.

पॅकेजांसाठी, म्हणजे पोर्ट्सपासून आधीच बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरसाठी, ‘पीकेजी अपग्रेड’. त्यांच्या त्रैमासिक शाखा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये निघतात. त्रैमासिक पॅकेजे आणि मुख्य शाखेचे पोर्ट्स एकाच यंत्रावर मिसळले की लायब्ररींच्या आवृत्त्या जुळत नाहीत आणि पीकेजी भलतीच पॅकेजे काढून टाकायला निघते. बांधणीचे वेगळे पर्याय हवेतच तर सगळा संच पूड्रिएर या साधनाने जेलमध्ये (बाकी प्रणालीपासून अलग कप्प्यात) बांधावा. चालत्या यंत्रावरच पोर्ट्स बांधणारे पोर्टमास्टर चालवण्यापेक्षा ते किती तरी बरे.

मुख्य आवृत्ती बदलल्यावर सर्व पॅकेजे ‘पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ’ने पुन्हा बसवतात; स्टॅटिक अशासाठी की साधे पीकेजी जुन्या लायब्ररींवर अवलंबून असते. डीआरएम हे ग्राफिक्स चालवणारे मॉड्यूल कर्नलशी घट्ट बांधलेले असल्याने कर्नल बदलला की तेही नव्याने बांधावे लागते, नाहीतर पडदा काळा राहतो किंवा थेट कर्नल पॅनिक होतो (कर्नलच कोसळतो). जुन्या लायब्ररी काढणारे ‘डिलीट-ओल्ड-लिब्ज’ सर्वांत शेवटी, पॅकेजे बदलून झाल्यावरच. ते आधी केले, तर जुन्या लायब्ररींना जोडलेले प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत.