ओळींमधील अंतर (संगणकावरील देवनागरी मजकूर)

पडद्यावर एकाखाली एक येणाऱ्या दोन ओळींच्या आधाररेषांमधले (अक्षरांच्या तळाशी कल्पिलेल्या रेषांमधले) अंतर. ते पॉइंटांत (७२ पॉइंट म्हणजे एक इंच) किंवा अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजतात. छापखान्यात खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून हे अंतर वाढवत. डीटीपीतला (संगणकावर पाने जुळवण्याच्या कामातला) ‘लेडिंग’ हा शब्द त्या शिशावरूनच आला.

देवनागरीला रोमनपेक्षा जास्त अंतर लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि अक्षराखाली उकार, ऋकार असा दोन्हीकडे पसारा असतो. कोकण किनाऱ्यावरची नावे घेतली तरी हे कळते. ‘सिंधुदुर्ग’मध्ये वेलांटी, अनुस्वार, दोन उकार आणि रफार एकत्र येतात. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले अशी तालुक्यांची यादी दाटीने टंकली की ‘कु’चा उकार खालच्या ‘वें’च्या अनुस्वारापर्यंत पोचतो. फाँट नीट बसला आहे का हे पाहायला या तीन ओळी पुरतात.

वर्डमध्ये कंट्रोलसह १, ५ आणि २ दाबल्यास अनुक्रमे एकपट, दीडपट आणि दुप्पट अंतर मिळते. ‘एक्झॅक्टली’ (नेमके दिले तेवढेच अंतर) हा पर्याय मात्र देवनागरीसाठी घातक आहे. दिलेला आकडा लहान असेल तर ओळीचा वरचा भाग पडद्यावर कापला जातो. दरपत्रकातल्या ‘आंबा’ शब्दावरचा अनुस्वार असा गेला की ‘आबा’ उरतो. पान आटोपशीर बसवायचेच असेल तर ‘अ‍ॅट लीस्ट’ (किमान एवढे अंतर) निवडावे. त्यात उंच अक्षरासाठी ओळ आपोआप वाढते. र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ फाँटमध्ये वर-खाली मुळातच भरपूर जागा आहे, त्यामुळे तो एकपट अंतरावरही ऐसपैस दिसतो. फाँट बदलला की अंतर पुन्हा पाहावे लागते ते यामुळेच.

वेबपानांवर ‘लाइन-हाइट’ एककाशिवाय, म्हणजे १.६ असे नुसत्या पटीत द्यावे. मग लहान-मोठ्या अक्षरांना ते आपापल्या मापाने लागू होते. सलग मराठी मजकुराला १.५ ते १.७ पट अंतर चांगले, मथळ्यांना त्याहून कमी चालते. वाचकाने अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट केले तरी मजकूर झाकला किंवा तुटला जाऊ नये, अशी अट वेब सुगम्यतेच्या (अपंगांनाही वेबपाने वापरता यावीत यासाठीच्या) २०१८च्या निकषांत आहे.

भरती-ओहोटीच्या तक्त्यात नुसते आकडे असतात, मात्रा-उकारांची अडचण नसते. तरीही तिथे ओळी मोकळ्या हव्यात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे नजर एक ओळ खाली घसरली तरी वाचलेली वेळ खरीच वाटते, आणि होडी काढणाऱ्याला चूक खाडीच्या तोंडाशी गेल्यावरच कळते.